सहावा पन्हा

पडदा वर जातो. समोर एक लांबट खोली. डाव्या हाताला भिंतभर खुंट्या, आणि खुंट्यांवर माणसांशिवायचे कपडे लटकलेले: दोन राजे, एक न्यायाधीश, चार सैनिक, एक नवरी आणि एक सावकार. सावकाराला पोट नाही, कारण त्याचं पोट म्हणजे कापसाची उशी, ती खिडकीत वाळत घातली आहे. खिडकीखाली पायमशीन. मधोमध टेबल, इतकं लांब की दौऱ्यावरून परतलेले तीन नट त्यावर एका ओळीत झोपू शकतील, आणि तसे ते अनेकदा झोपलेलेही आहेत. टेबलावर गर्द लाल मखमलीचा डोंगर. टेबलाला दोन स्टुलं, समोरासमोर. एकावर एक बाई बसली आहे. दुसरं रिकामं.

बाईच्या हातात दोरा ओवलेली सुई आहे. बाई हलत नाही. प्रेक्षकांना वाटावं, हिचा संवाद हिला आठवत नाहीये.

ही नाट्यगृहाच्या मागची खोली, कपडेपटाची. आणि या बाईला सगळे ताई म्हणत. वय सहासष्ट. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे नटसुद्धा तिला ताईच म्हणायचे, कारण प्रयोगाच्या वेळी आपली विजार जिच्या हातात असते तिला मान द्यावा एवढी अक्कल नटांनासुद्धा असते.

समोरच्या स्टुलावर चाळीस वर्षं तिची धाकटी बहीण बसली होती. डाव्या हातानं शिवायची म्हणून तिला नाव पडलं डावरी. तीन आठवड्यांपूर्वी डावरी दुपारी जेवून जी आडवी झाली ती उठलीच नाही. मेंदूत रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. झोपेत गेली, काही कळलंही नसेल. सगळे म्हणाले, भाग्याची होती. ताई म्हणाली, हो. त्या दिवसांत कुणी काहीही म्हटलं तरी ताई हो म्हणायची.

रडली मात्र नाही. रडू आवरलं, धीर धरला, असलं काही नव्हतं. आवरायला काही आलंच नव्हतं. चहा दिला की प्यायची. गरम होता का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. सुई बोटात जायची आणि रक्ताचा थेंब दिसला की मग तिला कळायचं, अरे, सुई गेली. नवा नट रंगमंचावर आपलेच हात कुठं ठेवू म्हणून विचारतो ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. दोघी राहायच्या त्या दोन खोल्यांत ती आता संध्याकाळी जायची, दिवा लावायची आणि दिव्याखाली बसून राहायची.

चौथ्या दिवशी व्यवस्थापक कपडेपटात आले. त्यांना सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. नाट्यगृहाची डागडुजी चालली होती, रंग झाला होता, खुर्च्या बदलल्या होत्या, आणि पहिल्या तारखेला, शनिवारी, नव्या दर्शनी पडद्यानं पुन्हा सुरुवात होणार होती. तो पडदा या दोघी बहिणी शिवत होत्या. मखमलीचे चौदा पन्हे, म्हणजे कापडाच्या अख्ख्या रुंदीच्या उभ्या पट्ट्या, एकमेकांना जोडायचे. सहा झाले होते.

"ताई, तुम्ही घरी थांबा," साहेब म्हणाले. "पडदा कारखान्यात देऊ. आठ दिवसांत शिवून येईल."

"घरी काय करू?"

"आराम करा."

"तो कसा करतात?" ताईनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती.

साहेबांनी खुंटीवरच्या न्यायाधीशाकडे बघितलं. तिकडूनही काही मदत आली नाही.

"आणि हे झालेले सहा?" ताईनं विचारलं.

"ते उसवतील. दुसऱ्याच्या शिलाईची हमी घेत नाही म्हणतात कारखानेवाले. सगळं उसवून पहिल्यापासून मशीन मारतात."

ताईनं मखमलीवर हात ठेवला. "पडदा मीच करणार."

"एकटीनं? आठ पन्हे?"

"चुकलं तर द्या कारखान्यात."

"ताई, एक जरी पन्हा चुकला ना, तरी मी देणार हं. मग रागावायचं नाही. पहिल्या तारखेला अख्ख्या गावासमोर माझी अब्रू टांगलेली असणार."

"टांगा," ताई म्हणाली. "म्हणजे, द्या."

आता हे चुकणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका दिशेनं हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर विस्कटते. पडद्याचा प्रत्येक पन्हा लव वर करून जोडायचा, म्हणजे रंग खोल दिसतो. एखादा पन्हा उलटा लागला तर खोलीतल्या उजेडात कुणाच्या बापाला कळत नाही. पण रंगमंचाचे दिवे पडू देत, की तो एकटा फिकट पडतो, रांगेत उभ्या सैनिकांपैकी एकानंच पाठ फिरवल्यासारखा.

लव ओळखायचं काम डावरीचं. चाळीस वर्षांच्या इस्त्रीनं ताईचे तळवे राठ झालेले, तिला खडूची आणि साबणाची वडी हातानं वेगळी ओळखता आली नसती. डावरी डोळे मिटायची, डाव्या हाताची बोटं कापडावरून फिरवायची, मागच्या बाजूला खडूनं लवेच्या दिशेचा बाण काढायची, कच्चे टाके घालून दोन पन्हे टाचायची आणि टेबलावरून ताईकडे सरकवायची. ताई बाण बघायची आणि मशीन मारायची. बाणावर शंका घ्यायची नाही, हा दोघींमधला कायदा. आणि मशीन मारताना ताईशी बोलायचं नाही, हा दुसरा. दुसरा डावरीनं आयुष्यात कधी पाळला नाही.

तर ताई सातव्या पन्ह्याला बसली. डोळे मिटून तिनं तळहात फिरवला. काही कळलं नाही. उलटा फिरवला. काही कळलं नाही. मग तिनं वाकून कापडावर गाल टेकवला. गालाला कळलं. गाल एकीकडे सरकवला तर गुळगुळीत, दुसरीकडे सरकवला तर खरखर. तिनं खडू घेतला आणि आयुष्यातला पहिला बाण काढला.

नेमके तेव्हाच दोरीमामा दारात आले. दोरीमामा म्हणजे पडद्याचे दोर ओढणारे, तीस वर्षं पडद्याच्या मागे उभे राहून एकही नाटक पुढून न बघितलेले गृहस्थ. त्यांनी बघितलं, ताई मखमलीत तोंड खुपसून पडल्यात. ते चवड्यांवर मागे फिरले आणि नाट्यगृहभर सांगत सुटले, "रडल्या! अखेर रडल्या हो ताई! मोकळ्या झाल्या!"

सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी कपडेपटात तीन डबे, दोन थर्मास आणि रंगवाल्याच्या बायकोनं पाठवलेली एक शाल येऊन पडली. ताईनं दोरीमामांना विचारलं, "आज काय आहे?"

"काही नाही. तुम्ही मन हलकं केलंत, बरं झालं."

"मी लव बघत होते."

दोरीमामांनी मान हलवली, समजूतदारपणे. दुःखात माणूस काहीही कारणं सांगतो. शाल ताईनं टेबलाच्या पायाखाली घडी करून घातली, कारण टेबल डुगडुगत होतं.

दिवस तसे गेले. सकाळी डोळा उघडला की उठायचं कारण एकच असायचं: आठवा पन्हा. मग नववा. गाल टेकवायचा, बाण काढायचा, टाचायचं, मग जागेवरून उठून पलीकडं मशीनवर जायचं. आधी कापड तिच्याकडं चालत यायचं, आता तीच कापडाकडं जात होती, एवढाच फरक. हातांना काम पाठ होतं. बाकीची ती हातांच्या मागून चालत होती, अनोळखी गावात कुणाच्या तरी मागून चालावं तशी. बरं वाटत होतं असं नाही. पण मखमल जड असते, एका पन्ह्याचं ओझंसुद्धा मांडीवर घेतलं की माणूस जागेवर राहतो.

तिला कधी कधी आठवायचं. आठवायचं तेही कुणा दुसऱ्याच्या नाटकातलं असल्यासारखं. त्यांचे वडील तंबू शिवायचे. लांब शिवण असली की एका टोकाला ताईला बसवायचे, दुसऱ्याला डावरीला, आणि म्हणायचे, मध्ये भेटा. डावरी नेहमी मधली खूण ओलांडून अलीकडे आलेली असायची, आणि नंतर कळायचं की पोरीनं टाके लांब लांब घेतलेत. वडील ओरडायचे, "हा तंबू आहे का जाळं?" डावरी म्हणायची, "वारा येईल ना आत."

आणि कपडेपटातला तो प्रसंग तर जुने नट अजून सांगतात. भर अंकात न्यायाधीशाची विजार मागून फाटली. न्यायाधीश उंच खुर्चीत बसलेले, निकाल सुनावताना त्यांना उभं राहायचं होतं. डावरी सुई घेऊन खुर्चीच्या मागून रांगत गेली आणि साक्षीदार साक्ष देत असताना तिनं न्यायाधीशाला शिवलं. न्यायाधीश निकाल द्यायला उठले तेव्हा खुर्चीचं गादीचं कापडही त्यांच्याबरोबर उठलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, यात काही तरी अर्थ आहे.

हे आठवून ताईचं तोंड थोडं हलायचं. हसू यायच्या जागी तेवढंच.

डावरीला एक मुलगी होती. नवरा लवकर गेल्यावर डावरी मुलीला घेऊन ताईकडे आली ती तिथलीच झाली, त्यामुळे भाची मावशीच्याच घरात वाढली होती. आता पस्तिशीची होती, पलीकडच्या वस्तीत राहायची, चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. सुईला तिनं कधी हात लावला नव्हता. "घरात दोन आहेत, तिसरी कशाला," म्हणायची. रविवारी ती मावशीकडे यायची, आणि प्रत्येक रविवारी एकच विचारायची.

"मावशी, आई आधी काही म्हणाली होती का गं? डोकं दुखतंय, गरगरतंय, काहीही?"

"नाही."

"कामावर असताना? काहीच नाही?"

"काहीच नाही."

ताई खोटं बोलत नव्हती. तिनं मनात डोकावून बघितलं होतं, आणि तिथं काही सापडलं नव्हतं. तिथं त्या दिवसांत कुठलीच वस्तू जागेवर नव्हती.

बुधवारी दुपारी पडदा टांगला. चौदा पन्हे, वीस फूट उंची, खालच्या दुमडीत शिशाची साखळी. दोर लावायला सहा माणसं लागली. साहेब, दोरीमामा, दोन सुतार आणि ताई, सगळे पुढच्या खुर्च्यांत जाऊन उभे राहिले. साहेबांनी दिवेवाल्याला हात केला. दिवे आले.

गर्द लाल पडद्यात एक उभा पट्टा फिकट गुलाबीसर दिसत होता.

"चुणीत जाईल," दोरीमामा घाईनं म्हणाले. "थोडा सैल सोडला ना दोर, की चुणीत जाईल."

"मी तेवढ्या भागावरचा दिवा मंद करू का?" दिवेवाला वरून ओरडला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई," ते हळू म्हणाले, "मी फोन करतो. उद्या संध्याकाळी त्यांची गाडी येईल, दुप्पट पैसे घेऊन रात्रंदिवस बसतील आणि शनिवारी दुपारी पडदा देतील. तुमची काही चूक नाही. या दिवसांत कुणाचंही लक्ष..."

ताई ऐकत नव्हती. ती डावीकडून मोजत होती. ओठ हलत होते, जुन्या खोडीप्रमाणे. एक, दोन, तीन. तिला वाटलं होतं, आठवा असेल. आठव्याच्या दिवशी तिचा गालही बधिर होता. चार, पाच, सहा.

तिनं पुन्हा मोजलं. सहा.

ती पायऱ्या चढून रंगमंचावर गेली, पडद्याच्या मागे. मागून पन्ह्यांवरचे बाण दिसत होते, वरच्या टोकाला. दोरीमामांची शिडी तिथंच होती. सहासष्टाव्या वर्षी शिडी चढू नका असं सांगणारे सगळे पडद्याच्या पुढं उभे होते, म्हणून ती चढली.

सहाव्या पन्ह्यावर डावरीचा बाण होता. वर टोक. डावऱ्या हातानं काढलेला म्हणून किंचित डावीकडे कललेला, नेहमीसारखा. पण त्याच्याखाली आणखी काही तरी होतं. ताईनं डोळे बारीक केले. अंगठ्यानं पुसलेला एक बाण. त्याचं टोक खाली. डावरीनं आधी बरोबर काढला होता. मग तिला खात्री वाटेनाशी झाली होती. तिनं पुसला होता, आणि उलटा काढला होता.

शिडीवर उभ्या उभ्या ताईला तो दिवस दिसला. जसाच्या तसा, दिवे लागल्यासारखा. मशीनची सुई मोडली होती आणि ती दुसरी बसवत होती. समोर डावरी डावा हात झटकत होती.

"ताई, बोटांना मुंग्या आल्यात गं. कापड कापडासारखं लागतच नाही."

"नाटकं करू नकोस. एवढा पन्हा टाच आणि मग जा चहाला."

"नाटकं इथं नाही करायची तर कुठं करायची?" डावरी हसली होती. आणि तिनं पन्हा टाचला होता, आणि टेबलावरून सरकवला होता. आणि ताईनं बाण बघून मशीन मारली होती.

ती शिडीवरून सावकाश उतरली. पडद्याच्या बाजूनं पुढं आली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"साहेब, मी मोजलंय," दोरीमामा मध्येच बोलले. "तो सहावा आहे. सहापर्यंत डावरी होती. सातपासून पुढचे ताईंनी एकटीनं केलेत, त्यात एक खोट काढून दाखवा. ठरलं होतं ते ताईंच्या पन्ह्यांबद्दल."

"मामा, तुम्ही दोर बघा," ताई म्हणाली. "मशीन कुणी मारली? मी मारली. माझ्या पायाखालून गेलाय तो पन्हा. चूक माझी."

साहेब कात्रीत सापडले. ताईनं बहिणीकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी ती अट तिला लागू झाली नसती, आणि ते तिला नको होतं. आता अटीप्रमाणे पडदा कारखान्यात जाणार, डावरीचे सहाही पन्हे उसवले जाणार. बाई ते मान्य करून उभी होती, हात बाजूला, चेहऱ्यावर काही नाही.

"उद्या संध्याकाळी पाचला गाडी," साहेब शेवटी म्हणाले. "पाचच्या आत दिवे लावून बघू. तेव्हा जर मला फिकट काही दिसलं नाही, तर मला आज काही दिसलंच नव्हतं."

ताईनं मान हलवली. आभार मानायला हवेत हे तिला दुसऱ्या दिवशी सुचलं.

मधला पन्हा फिरवायचा म्हणजे खेळ नाही. दोन्ही बाजूच्या शिवणी उसवायच्या, वीस-वीस फूट. वरची पट्टी आणि खालची दुमड सोडायची. पन्हा उलटा करून पुन्हा बसवायचा, आणि जुन्या सुईची भोकं दिसू नयेत म्हणून शिवण दोन धागे आत घ्यायची. एका माणसानं मखमल ताणून धरायची, दुसऱ्यानं उसवायची. दोरीमामांनी धरून बघितली, पण दोरानं चिरलेल्या त्यांच्या तळव्यांत मखमलीचे धागे अडकायला लागले. तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता भाचीला फोन केला.

गुरुवारी सकाळी आठला भाची रंगमंचावर हजर झाली. दुकानातून सुट्टी घेतलेली, काचा बसवताना डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक चिमटा बरोबर. पडदा जमिनीवर चादरी घालून पसरलेला होता.

"मला शिवता येत नाही," तिनं आधीच सांगून टाकलं.

"शिवायला कुणी सांगितलंय? उसव."

भाची मांडी घालून बसली. डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्यानं एकेक टाका उचलू लागली. तिचा हात स्थिर होता. ताईनं ब्लेड बाजूला ठेवलं. चिमट्यानं होत होतं तसं काम ब्लेडनं कधीच झालं नसतं.

"कुणी शिकवलं हे?"

"काचेवरचा कण काढतो तसंच आहे. ओढायचं नाही, उचलायचं."

मशीनच्या शिवणीखाली डावरीचे कच्चे टाके तसेच राहिले होते, पांढऱ्या दोऱ्याचे, डावीकडे कललेले. शेजारच्या, चौथ्या-पाचव्या पन्ह्याच्या न उसवलेल्या शिवणीत एका मापाचे, मुंग्यांच्या रांगेसारखे. पाचव्याला सहावा जोडणाऱ्या शिवणीत मात्र कुठं लांब, कुठं तोकडे, कुठं एकावर एक. भाचीनं भिंग काढून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा लावलं. तिला शिवता येत नव्हतं, पण बघता येत होतं.

ताई म्हणाली, "म्हणाली होती."

भाचीचा चिमटा थांबला.

"तू विचारायचीस ना. मला आठवत नव्हतं, आईशपथ आठवत नव्हतं. म्हणाली होती, बोटांना मुंग्या आल्यात. हाच पन्हा टाचताना. मी म्हटलं, नाटकं करू नकोस."

रंगमंचावर कुठं तरी सुतार खिळा ठोकत होता. चार ठोके, थांबून दोन.

"मला पण म्हणाली होती," भाची म्हणाली. "त्याच आठवड्यात, फोनवर. मी म्हटलं, गरम पाण्यात हात घालून बस. दुकानात गिऱ्हाईक होतं." तिनं एक टाका उचलला, बाजूला ठेवला. "म्हणून तर विचारत होते मी. तुलाही सांगितलं होतं का, ते बघायला."

ताईनं तिच्याकडे बघितलं. मग कापड जरा जवळ ओढून ताणून धरलं, कारण भाचीच्या बाजूनं ते सैल पडलं होतं.

दोघींपैकी कुणी रडलं नाही. थोड्या वेळानं भाची म्हणाली, "इथं तिनं एकाच भोकात तीन वेळा सुई घातलीय." ताई म्हणाली, "लहानपणी माझ्या पुढं जायला लांब लांब टाके घ्यायची. तीन वेळा म्हणजे फारच झालं." कच्च्या टाक्यांचा दोरा निघाला तसा ताईनं गोळा करून चिंध्यांच्या पिशवीत टाकला, नेहमी टाकायची तसा. खडूचे बाण तेवढे पुसले नाहीत. पन्हा फिरवल्यावर ते खालच्या टोकाला गेले, आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाहीत असे. वरच्या टोकाला ताईनं गाल टेकवला आणि आपला बाण काढला.

"हे काय करतेस?" भाचीनं विचारलं.

"लव बघतेय."

"अच्छा! म्हणजे दोरीमामा सांगत होते ते..."

"त्यांना सांगू नकोस. तीन डबे आले होते."

भाची हसली. मोठ्यानं नाही, पण नाट्यगृह रिकामं असलं की हसू वरपर्यंत जातं.

दुपारी दोनला दुसरी शिवण टाचताना सुई ताईच्या अंगठ्यात गेली. "आई गं!" ती ओरडली, आणि हात झटकला. मग स्वतःच चकित होऊन अंगठ्याकडे बघत राहिली. रक्त अजून आलंच नव्हतं. दुखणं आधी आलं होतं.

"काय झालं?"

"लागलं," ताई म्हणाली, एखादी बातमी सांगावी तशी. थेंब मखमलीवर पडला. तिनं बोटाला थुंकी लावून तो टिपून घेतला. जिचं रक्त तिचीच थुंकी, दुसऱ्या कशानं डाग जात नाही. हे कपडेपटात शिकायचं पहिलं शास्त्र. भाचीनं तिचा अंगठा आपल्या रुमालात धरला आणि दोन मिनिटं तसाच दाबून ठेवला. ताईनं ठेवू दिला.

साडेचारला पडदा वर टांगला गेला. दिवे लागले. साहेबांनी डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे. खिशातून फोन काढला, दोन पावलं लांब गेले आणि कारखान्याला सांगितलं, की गाडी पाठवू नका, आमचं काम घरातच झालं.

शनिवारी नाट्यगृह भरलं. चाळीस वर्षांत ताईनं प्रेक्षक बसलेले असताना पडदा पुढून बघितला नव्हता. पहिल्या घंटेला ती नेहमी कुणाचं तरी बटण लावत असायची. त्या दिवशी दोरीमामांनीच तिला हुसकावलं. "जा, पुढं बसा. दोन राजे एका दिवसासाठी आपली बटणं आपण लावतील. नाही लागली तर एक राज्य कमी." भाचीनं तिला चौथ्या रांगेत कडेला नेऊन बसवलं. शेजारच्या बाई मुलांना चूप करत होत्या. मागच्या रांगेत कुणी तरी म्हणालं, काय रंग आहे हो पडद्याचा.

दुसरी घंटा झाली. दिवे मंदावले आणि फक्त पडद्यावर राहिले. तो लाल होता, सगळा एकसारखा, वरपासून खालपर्यंत. ताई बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं, किंवा असलंच तर अंधारात भाचीला ते नीट दिसलं नाही. अंगठ्याला पट्टी होती आणि त्या अंगठ्यावर ती दुसऱ्या हाताचं बोट दाबून दाबून बघत होती, अजून दुखतंय का ते.

तिसरी घंटा झाली.

"मावशी," भाची तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "कसा दिसतोय?"

ताईनं डावीकडून मोजलं. ओठ हलले.

"सहावा अजून जरा फुगतोय," ती म्हणाली. "बसेल हळूहळू."